सोफ्यावरून बघितलेला आयर्लंडचा दुष्काळ

ऐका, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. चहा गार झाला तरी चालेल, टाइप करताना काना-वेलांटी चुकली तरी चालेल. आई मंडीत भाजी आणायला गेलीये. ती परत आली की मला यातलं एक अक्षर लिहिता येणार नाही, आणि आज नाही लिहिलं तर मी कधीच लिहिणार नाही, पक्का.

तर, आम्ही आयर्लंडला म्युझियम बघायला गेलो होतो. आम्ही म्हणजे आई, बाबा आणि मी. आणि गेलो म्हणजे काय, तर चंदीगडजवळ, मोहालीच्या एअरोसिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसलो, दादानं तिकडून व्हिडिओ कॉल लावला आणि मी तो टीव्हीला जोडला. हसू नका. आम्ही खरंच गेलो होतो असंच मला वाटतं, कारण तिथून आम्ही जसे निघालो तसे परत आलोच नाही.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. नोकरीसाठी आयर्लंडला गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. दर दिवाळीला ‘पुढच्या वर्षी पक्का’ म्हणायचा. मग यंदा एप्रिलमध्ये त्यानं मला एकटीला फोन करून सांगितलं की तिकडचं नागरिकत्व मंजूर झालंय. जूनमध्ये मोठ्या हॉलमध्ये शपथ घ्यायची, आणि मग इथला पासपोर्ट परत द्यायचा. दोन्ही ठेवता येत नाहीत. म्हणाला, "आई-बाबांना तू बता दे ना यार." मी सांगितलं. बाबा ‘हं’ म्हणाले आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले, ज्यांना सकाळीच पाणी घालून झालं होतं.

आई मात्र कामाला लागली. तिचं एकच गणित होतं. तिनं सांगून दादा ऐकणार नाही, ती काय रोजच सांगते. पण बाबांनी आयुष्यात कधी त्याला काही मागितलेलं नाही. त्यांनी एकदा, फक्त एकदा, तोंडानं ‘परत ये’ म्हटलं, तर तो शपथ घेणार नाही. येईल. आईची यावर इतकी श्रद्धा होती की ती स्वयंपाक करताना बाबांच्या मागे मागे फिरायची. "अहो, तुम्ही म्हणा. नुसतं म्हणा. बाकीचं माझ्यावर सोडा."

बाबा म्हणायचे, "बघू की."

बाबा मूळचे माणमधले, साताऱ्याकडचे. फौजेत इंजिनिअर होते. दर दोन-तीन वर्षांनी बदली, ट्रंका, नवीन शाळा, नवीन क्वार्टर. शेवटची पोस्टिंग इथून जवळच, चंडीमंदिर छावणीत, आणि मग रिटायर होऊन इथेच राहिलो, कारण दादाचं कॉलेज इथे, हवा चांगली, हॉस्पिटल जवळ, वगैरे. त्यामुळे दादाचं आणि माझं मराठी कसं आहे ते विचारू नका. माझं आईनं रागावून रागावून सुधारलं. दादा मराठीत सुरू करतो आणि हिंदीत उतरतो. ‘माझी डोका दुखते’ हे वाक्य आमच्याकडे फेमस आहे.

तर त्या रविवारी दादाचा मेसेज आला. लाँग वीकेंड आहे, मी एका म्युझियमला चाललोय, बाबांना दाखवतो, त्यांना आवडेल. म्युझियम उघड्यावरचं होतं. काचेची कपाटं नाहीत, काही नाही. समुद्राच्या काठी डोंगर, आणि त्यावर जुन्या काळातलं अख्खं गाव. गवतानं शाकारलेली दगडी घरं, अंगण, विहीर, शेतं. शेतकरी कसे राहायचे आणि मग तिकडे मोठा दुष्काळ पडला त्यात त्यांचं काय झालं, ते सगळं चालत चालत बघायचं.

आईनं लगेच ओळखलं. "चांगलं झालं. निवांत असेल तो, चालता चालता बोलणं होईल. अहो, आज म्हणायचं हं."

आणि बाबा काय करतात? चहाच्या वेळेला आतून बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट, फुल पँट, मोजे, बूट घालून. घरात! बाहेर इतकं ऊन की कुत्री गाड्यांखाली झोपलेली.

मी म्हटलं, "बाबा, बूट?"

"म्युझियमला जायचंय ना," म्हणाले. आणि सोफ्यावर ताठ बसले.

कॉल लागला तेव्हा आधी नुसता वारा ऐकू आला. मग दादाचं नाक, मग आभाळ, मग दादा. जॅकेट, टोपी, गाल लाल.

आई ओरडली, "अरे वाळलास किती!"

"आई, हळू बोल, सगळे बघतायत. टोपीमुळे वाटतं. बाबा, दिसतंय का? हा बघा, हा घर."

"हे घर," आई.

"हे घर. यात एक फॅमिली आणि त्यांची गाय. एकाच खोलीत."

"गाय कुठे बांधायचे?" बाबा पुढे सरकले.

"इकडे, या बाजूला. आणि ते लोक त्या बाजूला, विस्तवाजवळ."

"उताराकडे गाय असणार. बघ, फरशीला उतार आहे का. आणि पाया दाखव. भिंतीच्या खाली धर फोन."

दादानं खरंच खाली बसून भिंतीचा तळ दाखवला. मागून कोणीतरी इंग्रजीत हसून काहीतरी विचारलं, तर दादा म्हणाला, माझे वडील तपासणी करतायत. बाबा खूश! मी त्यांना इतकं बोलताना किती महिन्यांनी बघितलं. छपराचं गवत कशानं बांधलंय, वाऱ्यानं उडू नये म्हणून दोरीला दगड लटकवलेत, ते बरोबर केलंय, इकडच्या बाजूला खिडकी नाही ते पण बरोबर. आई मधून मधून त्यांना कोपरानं ढोसत होती. बाबा ढोसणं झेलत होते आणि चुलीबद्दल विचारत होते.

मग शेतं आली. लांबच लांब वरंबे, गादीसारखे. दादा म्हणाला हे बटाट्याचे. हे लोक सकाळी बटाटा, दुपारी बटाटा, रात्री बटाटा, बस.

आई म्हणाली, "नुसता? भाजी म्हणून की जेवण म्हणून?"

"आई, जेवणच बटाटा. दुसरं काही नाहीच. आणि मग त्या बटाट्याला रोग लागला. पानं काळी, खाली सगळा सडलेला. अख्ख्या देशात. वास यायचा म्हणे शेतातून."

"मग दुसरं काही पिकतच नव्हतं?"

"पिकत होतं ना. गहू, ओट्स, लोणी, सगळं होतं. पण ते मालकाचं. ते जहाजात भरून बाहेर जायचं. हे लोक बघत राहायचे."

दादा चालत होता, टीव्हीवर गवत हलत होतं, आणि आमच्या डोक्यावरून एअरपोर्टकडे एक विमान गेलं, त्यामुळे थोडं ऐकू आलं नाही. मग पडद्यावर एक प्रचंड काळी कढई आली. लोखंडी, तीन पायांची, मी आत झोपू शकले असते एवढी.

दादा म्हणाला, "यात सूप बनवायचे सरकारवाले. लोक लाइनमध्ये उभे. पातळ पाणी, बस."

आणि बाबा म्हणाले, "सुकडी."

मी म्हटलं, "काय?"

"सुकडी. पिवळा भुगा असायचा. गोडसर. बहात्तरला." ते टीव्हीकडेच बघत होते. "आईबाप खडी फोडायला जायचे रस्त्याच्या कामावर. आम्ही पोरं भांडं घेऊन बसायचो. जवळ घेतलं की वास यायचा. अजून येतो कधी कधी."

मला ना, हे माहीतच नव्हतं! म्हणजे बहात्तरचा दुष्काळ असं कुठेतरी ऐकलं होतं, पण तो पुस्तकातला. माझे बाबा, ज्यांच्या बुटांना मी लहानपणी पॉलिश करायचे, ते भांडं घेऊन बसलेले? मी आईकडे बघितलं तर तिचा पण चेहरा तसाच. आई पुण्याची. एवढी वर्षं लग्नाला झाली, तिलाही नव्हतं सांगितलं.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," आई म्हणाली.

"काय बोलायचं त्यात. सगळ्यांनी खाल्ली." मग दादाला, "चल पुढं."

पुढचं घर छप्पर नसलेलं. भाडं दिलं नाही म्हणून मालकाची माणसं यायची, घरातल्यांना बाहेर काढायची आणि त्यांच्यासमोर छप्पर पाडायची, म्हणजे परत आत शिरायला नको. बाहेर चिखलाच्या ढेकळांची एक खोपटी होती, त्यात म्हणे मग ती माणसं राहायची. दादानं आत फोन घातला तर पडदा नुसता काळा झाला. त्या काळ्या पडद्यात सोफ्यावरचे आम्ही तिघं दिसलो. मी पटकन मोबाईलवर काहीतरी केल्यासारखं केलं.

आणि मग ते घर आलं.

साधंच होतं. टेबल, बाक, कोपऱ्यात व्हायोलिनसारखं काहीतरी. तंबाखू ओढायचे मातीचे पाइप. दादा दारातच थांबला. म्हणाला, "आई, हे ऐक. दुष्काळाच्या नंतर इथले सगळे जवान पोरं-पोरी अमेरिकेला जायला लागले. बोटीनं. आणि जाण्याच्या आदल्या रात्री घरी सगळे जमायचे. नाच, गाणी, जेवण. आणि बायका रडायच्या. पण नॉर्मल रडणं नाही. कोणी मेलं की बायका जशा मोठ्यानं रडतात ना, नाव घेऊन, तसं. जाणारा समोर जिवंत बसलाय आणि त्याचं मयताचं रडणं चाललंय. कारण सगळ्यांना माहीत होतं, हा परत येणार नाही."

आई एकदम चिडली. खरंच चिडली, जसा काही दादाच दोषी. "काहीतरीच काय! असं अभद्र करतात का कोणी? निघणाऱ्या माणसासमोर? आपल्यात तर ‘जातो’ सुद्धा म्हणत नाहीत. ‘येतो’ म्हणायचं. भाजी आणायला निघालं तरी ‘येते हं’. तुला कितीदा सांगितलं, तू आपला दरवेळी फोन ठेवताना ‘मी जातो, मी जातो’ करत असतोस."

"आई, मैं जा ही तो रहा होता हूँ," दादा हसला.

ते खरं आहे. दादा नेहमी ‘जातो’च म्हणतो. हिंदीतून विचार करतो ना, त्याला ते कधी जमलंच नाही. आणि आई नेहमी, म्हणजे नेहमी, कॉल कापायच्या आधी ‘जातो नाही रे, येतो म्हण’ म्हणते, आणि तो ‘हां हां, येतो’ म्हणतो. मला पाठ झालंय ते.

आईला वाटलं हीच वेळ. तिनं बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ढोसलं नाही, नुसता ठेवला. दादाला पण कळलं असणार, कारण त्यानं बाकावर बसून फोन समोर धरला आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा नीट दिसला. मागे ती भिंत, ती चूल.

"बाबा," तो म्हणाला, "शपथ पुढच्या महिन्यात आहे. छोटीनं सांगितलं ना? ते एक कार्ड मिळतं मला नंतर, इंडियाचं. त्याच्यावर कधीही येता येतं. व्हिसा नाही लागत."

"पाहुण्याचं कार्ड," आई म्हणाली.

"आई..."

"अहो. बोला ना तुम्ही."

आणि बाबा दादाच्या मागच्या त्या चुलीकडेच बघत बसले. मी मनात म्हणत होते, बोला, बोला, बोला. दादा पण वाट बघत होता. हे मला नंतर सुचलं नाही, तेव्हाच दिसलं होतं. तो ओठ आत घेऊन बसला होता, लहानपणी रिझल्टच्या दिवशी बसायचा तसा. बाबा ‘ये’ म्हणाले असते तर तो आला असता की नाही ते मला माहीत नाही. पण त्याला ते ऐकायचं होतं.

शेवटी त्यानंच विचारलं, "बाबा, तुम्ही गावाहून निघालात तेव्हा आजी काय बोलली होती? फौजेत जाताना."

"काय बोलणार. एसटी लागली होती. ‘येतो म्हण,’ म्हणाली. मी म्हटलं, येतो."

"मग?"

"मग काय. सुट्टीला गेलो. चार दिवस राहिलो, निघताना परत म्हटलं, येतो. असं म्हणत म्हणत म्हातारी गेली, म्हातारा गेला. घर पडलं. आणि मी इथं मोहालीत टीव्ही बघत बसलोय." ते रागानं नाही बोलले. फरशीच्या उताराबद्दल बोलत होते त्याच आवाजात बोलले. मग विचारलं, "शपथ कुठं असते, हॉलमध्ये? सूट घालून जा. आणि आत गरम होत असलं तरी कोट काढू नको."

"जी, बाबा," दादा म्हणाला. फौजी घरातलं ‘जी’. आणि डोळे असे केले जसं वाऱ्यानं झालं. घराच्या आत वारा कुठला आलाय.

आई बोलायला लागली, "अरे, तू त्यांचं काय ऐकतोस, तू माझं ऐक, तुला इथे सुद्धा नोकरी..." पण तेवढ्यात तिकडे मागून लोकांचा घोळका आत आला, त्याला जागा सोडून उठायला लागलं. चित्र हललं. बाहेर उजेड, परत वारा.

"चला," तो जोरात म्हणाला, "नेटवर्क जातंय. छोटी, बाय. आई, बाबा, मी जातो."

आईनं तोंड उघडलंच होतं. "जातो नाही रे..."

आणि बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला. "असू दे की," म्हणाले. "बरोबर म्हणतोय तो."

टीव्हीवर दादा थांबला. मला वाटलं अडकलं, नेट. पण मागे गवत हलत होतं. तो अडकला नव्हता. त्यानं ऐकलं होतं. मग त्यानं हात वर केला आणि कॉल कापला.

आम्ही तिघंही बसलो होतो. टीव्हीवर कंपनीची ती आपोआप बदलणारी चित्रं यायला लागली, तलाव, बर्फाचे डोंगर, फुलं, एकामागून एक. मी ते बंद पण करू शकले नाही. मग आई म्हणाली, अगदी हळू, "तुम्ही त्याला एकदा म्हणायचं होतं. एवढंच सांगितलं होतं मी." बाबा वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते. खूप वेळ सोडत होते. म्हणाले, "कुठल्या तोंडानं म्हणू, सांग."

मला वाटलं आई भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं! ती उठली आणि दूध तापवायला ठेवलं.

शपथेचा फोटो आला गेल्या आठवड्यात. सूट, टाय, हातात छोटासा झेंडा, आजूबाजूला कुठल्या कुठल्या देशांची माणसं हसतायत. कोट घातलेला. बाबांनी ग्रुपवर अंगठा टाकला. आईनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, एवढा की नुसता दादाचा गळा आणि हनुवटी राहिली, आणि बघत बसली. मी म्हटलं, आई, छान दिसतोय ना? ती म्हणाली, कॉलर सैल आहे.

त्या म्युझियमनंतर दादा दर रविवारी कॉल करतो. सगळं नीट आहे. जेवलास का, पाऊस आहे का, बाबांची शुगर किती. शेवटी तो क्षणभर थांबतो, आईनं टोकावं म्हणून. मला कळतं ना, माझाच भाऊ आहे. आई टोकत नाही. "हो, ठेव," म्हणते. मग तो काहीच न म्हणता ठेवतो. जातो नाही, येतो नाही, काही नाही.

आणि काल. काल आई सकाळी सहज म्हणाली, "तू त्याच्या खोलीत जा झोपायला. तिकडे उजेड चांगला येतो, तुला अभ्यासाला बरं." ही खोली मी किती वर्षं मागत होते माहितीये? माझ्या खोलीत शाफ्टची खिडकी, कबुतरं. दरवेळी उत्तर एकच, तो आला की कुठे झोपेल? मी भांडायचे, रडायचे, एकदा तर गादी ओढत नेली होती, तर रागावून परत आणायला लावली. आणि काल तिनं स्वतः त्याच्या कपाटातले कपडे काढले, सोसायटीच्या गेटवर कोणाला तरी द्यायला पिशवीत भरले. शाळेचा ब्लेझर पण. मी म्हटलं, हा राहू दे. म्हणाली, कोणाला होणारे?

मी तिथेच बसून लिहितेय. उजेड खरंच चांगला आहे. मला तो नकोय.

आणि मला मास्टर्सला बाहेर जायचंय हे मी घरी अजून सांगितलेलं नाही. सांगू कशी? आई रडली, भांडली, ‘येते म्हण’ म्हणाली, तर मी सांगेन. पण ती दादाला म्हणते तसं मला पण नुसतं ‘हो’ म्हणाली तर?

लिफ्टचा आवाज आला, आलीच ती. तुम्ही सांगा ना पटकन, कोणीही. तुमच्या घरी झालंय का असं? अख्खं आयुष्य एका शब्दावर टोकणारं माणूस एक दिवस टोकायचंच बंद झालं, असं? मग तुम्ही काय केलंत?